सृष्टीकथेला साक्षीदार लागतो

२०२४च्या ऑक्टोबरअखेर ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ आला आणि फँटसी गेम खेळणाऱ्यांमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. २००९च्या पहिल्या भागापासून या मालिकेनं काही प्रश्न टांगते ठेवले होते. एल्फ लोकांचे देव नेमके कोण होते? माणसं आणि जमीन नासवणारा ब्लाइट आला कुठून? ड्वार्फ लोकांना स्वप्नं का पडत नाहीत? व्हेलगार्डनं पंधरा वर्षांनी उत्तरं दिली. एल्फ मुळात देहहीन आत्मे होते; टायटन नावाच्या डोंगराएवढ्या जीवांच्या लिरियममधून, म्हणजे जादुई रक्तातून, त्यांनी स्वतःसाठी देह घडवले; त्यातून युद्ध झालं; टायटनांची स्वप्नं त्यांच्यापासून कापून वेगळी केली गेली, आणि कापलेली, वेडी झालेली ती स्वप्नं म्हणजेच ब्लाइट. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, रहस्यच मारून टाकलं. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं नुसती टोलवाटोलवी चालली होती, अखेर कुणीतरी सरळ सांगितलं. दोन्ही बाजूंनी मी बरंच वाचलं, आणि जितकं वाचलं तितकं वाटत गेलं की हे दोघं एकच चूक करताहेत. दोघांच्याही डोक्यात सृष्टीकथा म्हणजे कुलूप लावलेली पेटी आहे. आत एक खरी वस्तू आहे हे दोघांना मान्य. भांडण फक्त पेटी उघडावी की नाही यावर.

माझं म्हणणं वेगळं आहे. सृष्टीकथा हा कुणीतरी कुणासमोर तरी मांडलेला दावा असतो. जग असं झालं, म्हणून ही जमीन आमची. म्हणून तुम्ही मरता आणि आम्ही मरत नाही. म्हणून या दगडापुढे वाकायचं आणि त्या दगडापुढे नाही. दाव्याला दावेदार लागतो. तेव्हा गेमच्या जगात देवांच्या शक्तीचे, विधींचे आणि त्यांच्या परिणामांचे नियम पक्के असावेत, अगदी निर्दयपणे पक्के. पण ते जग झालं कसं, ही गोष्ट मात्र त्या जगात राहणाऱ्या कुणाच्या तरी तोंडूनच यावी, आणि त्या उत्तरात सांगणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं असावं. असा साक्षीदार नसेल तर उत्तर दिलं काय आणि राखून ठेवलं काय, दोन्ही सारखंच निर्जीव.

खऱ्या पुराणांकडे पाहिलं तर हे लख्ख दिसतं. ऋग्वेदाचं एकटं दहावं मंडल घ्या. ९०व्या सूक्तात पुरुषाचा यज्ञ होतो आणि त्याच्या अवयवांतून जग निघतं. १२१व्यात हिरण्यगर्भ आधी प्रकट होतो. ८१ आणि ८२व्यात विश्वकर्मा सुतारासारखा, लोहारासारखा जग घडवतो, आणि ऋषी विचारतो की लाकूड कोणतं होतं, झाड कोणतं होतं. मग १२९वं नासदीय सूक्त म्हणतं की देव तर या सृष्टीच्या निर्मितीनंतरचे, मग कोण सांगणार हे कुठून आलं! ज्यांनी या ऋचा एकत्र केल्या त्यांना विसंगती दिसली नसेल? शब्दन् शब्द पाठ ठेवणाऱ्या माणसांना नक्कीच दिसली. त्यांनी ती पुसली नाही. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात दोन निर्मितीकथा एकापाठोपाठ येतात: पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस शेवटी, दुसऱ्यात माणूस आधी आणि प्राणी त्याच्यासाठी. इजिप्तमध्ये हेलिओपोलिसचा कर्ता आतूम, मेम्फिसचा प्ताह, आणि हर्मोपोलिसला तर आठ आद्य देवतांचा समूह. प्रत्येक नगराचं म्हणणं एकच: सुरुवात इथे झाली.

बाबिलोनचं उदाहरण तर इतकं उघडं आहे की एखाद्या गेम-लेखकानं ते टेबलावर चिकटवून ठेवावं. ‘एनुमा एलिश’ या तिथल्या सृष्टीकाव्यात नगरदेव मार्दुक आदिमातेला, तियामतला, मारतो, तिच्या देहाचे दोन भाग करून आकाश आणि पृथ्वी उभारतो, आणि मग देव त्याच्यासाठी बाबिलोन नगर बांधतात. नववर्षाच्या उत्सवात हे काव्य मार्दुकासमोर म्हटलं जाई. पुढे असिरियाची सत्ता वाढली. इ.स.पू. ६८९मध्ये असिरियाचा राजा सेनाखेरिबनं बाबिलोन उद्ध्वस्त केलं, आणि असिरियातल्या पाठांमध्ये त्याच काव्यात मार्दुकाच्या जागी अश्शूर देव आला. कथा तीच, लढाई तीच, फक्त विजेत्याचं नाव बदललं. आता ‘खरी आवृत्ती कोणती’ असं विचारून काय हाती लागेल? मोलाचा प्रश्न हा, की नाव बदललं तेव्हा सिंहासनावर कोण होतं.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिका आजही इतकी खोल वाटते ती यामुळे. तिथल्या सृष्टीकथेच्या केंद्रात लोरखान आहे. त्यानं इतर आद्य शक्तींना मर्त्य जग घडवायला तयार केलं, आणि त्या घडणीत अनेकांची शक्ती कायमची खर्ची पडली. इथपर्यंत सगळे साधारण सहमत. पण एल्फ म्हणतात, त्यानं फसवलं. आमचे पूर्वज अमर होते, या जगात येऊन ते पिढ्यांपिढ्या क्षीण झाले. हे जग म्हणजे तुरुंग. माणसं म्हणतात, त्यानं आम्हाला जन्म दिला. जग ही देणगी, आणि त्याच्या देहाचे तुकडे करणारे गुन्हेगार. एकाच घटनेकडे पाहणारा एक डोळा वरून खाली आलेल्याचा आहे, दुसरा खालून वर आलेल्याचा. या फरकातून त्या जगाचं राजकारण चालतं. अलेसिया एल्फांच्या गुलामीतून माणसांना सोडवते तेव्हा तिच्यापुढे प्रश्न असतो की नव्या साम्राज्यात पूजा कुणाची. तिची माणसं एल्फांचे देव पूजत आलेली, तिचे नॉर्ड मित्र उत्तरेकडचे. ती दोन्हींचा मेळ घालून आठ देवांचं मंडळ उभं करते. सत्तेसाठी केलेली ही तडजोड पुढे हजारो वर्षं धर्म म्हणून चालते. आणि याच मालिकेतल्या ‘स्कायरिम’मध्ये, २०११ साली, खेळाडू ज्या यादवीत जाऊन पडतो तिच्या मुळाशी एका माणसाला देव मानायचं की नाही हा प्रश्न आहे: टॅलोसच्या पूजेवर तहानं आलेली बंदी. सृष्टीकथा ग्रंथालयात पडून राहत नाही. ती गावाच्या चौकात माणसाचं डोकं उडवते.

आता विरोधी बाजूकडे वळतो, कारण तिच्यात दम आहे. पहिला आक्षेप असा: ऋग्वेदाच्या ऋषीला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून त्याची अनेक सूक्तं प्रामाणिक ठरतात. गेमचं जग मात्र कुणीतरी टेबलाशी बसून घडवलेलं आहे. तिथे ‘कोण जाणे’ म्हणणं हा बऱ्याचदा कामचुकारपणा असतो, तत्त्वज्ञानाचा मुखवटा चढवलेला. हे मला मान्य आहे. मी असे गेम खेळलोय ज्यांत अर्धवट वाक्यं, तुटक शिलालेख आणि गूढ म्हाताऱ्या एनपीसींच्या (गेमनंच चालवलेल्या पात्रांच्या) मागे काहीच नव्हतं. शंभर तास खणल्यावर कळतं की विहिरीला पाणीच नाही. अशा वेळी खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं आणि तो राग रास्त आहे. सुसंगत जगाचा एक वेगळा आनंदही असतो. वंशावळी, कालरेषा, नकाशे जुळवत बसणाऱ्यांना मी हसणार नाही; त्यांच्या प्रेमामुळेच ही जगं वर्षानुवर्षं टिकतात.

पण या आक्षेपात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. लेखकाला माहीत असणं वेगळं आणि लेखकानं स्वतःच्या आवाजात सांगणं वेगळं. २०११चा ‘डार्क सोल्स’ सुरू होतो तोच सृष्टीकथेनं. आरंभी धुकं, करडे कडे, प्रचंड वृक्ष आणि चिरंजीव ड्रॅगन. मग अग्नी, आणि अग्नीबरोबर भेद: उष्ण आणि थंड, जीवन आणि मरण, उजेड आणि अंधार. अग्नीजवळ काहींना प्रभूंचे आत्मे सापडतात: नितो, इझालिथची चेटकीण, सूर्यप्रकाशाचा स्वामी ग्विन, आणि एक गुपचूप राहणारा बुटका, जो सहज विसरला जातो. निवेदन पुढे सरकतं. पण ‘सहज विसरला जातो’ म्हणजे कुणाकडून? कुणाच्या सोयीसाठी? ही कथा देवांच्या बाजूनं सांगितली जातेय, हे खेळाडूला बऱ्याच उशिरा कळतं. देवांच्या अनोर लोंडो शहरात आपल्याला आशीर्वाद देणारी तेजस्वी राजकन्या ग्विनेव्हिअर तर निव्वळ भास निघते. तिच्यावर बाण सोडला की सूर्यप्रकाशासकट ती विझते आणि शहरावर काळोख पसरतो. इथे लेखकाला सगळं नीट माहीत आहे. धागे पक्के विणलेले आहेत. त्यानं फक्त सांगायचं काम खोटं बोलण्याचं कारण असलेल्या माणसांवर सोपवलंय. यात कामचुकारपणा कुठे आहे? उलट एक सत्य लिहून मोकळं होण्यापेक्षा यात दुप्पट मेहनत आहे, कारण प्रत्येक खोट्यामागचा हेतूही लिहावा लागतो.

याउलट ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं झालं. २०१६मध्ये या गेमच्या ‘क्रॉनिकल’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि त्यात विश्वाच्या आरंभापासूनचा इतिहास सर्वज्ञ, शांत, अधिकृत आवाजात सांगितला गेला. प्रकाश, शून्य, टायटन, सगळं जागच्या जागी. चाहत्यांनी तो प्रमाणग्रंथ मानला, आणि तसा तो मानावा अशीच त्याची मांडणी होती. पुढे २०२०च्या ‘शॅडोलँड्स’ विस्तारात त्याच्याही मागे आणखी आद्य कर्ते उभे राहिले, जुन्या घटनांमागे ‘जेलर’ नावाच्या एका नव्या खलनायकाचा हात निघाला, आणि निर्मात्यांनी सांगितलं की क्रॉनिकलमधला इतिहास टायटनांच्या दृष्टीतून आलेला होता. चाहते चिडले आणि ते चिडणं बरोबर होतं. साक्षीदार नंतर चिकटवता येत नाही. पहिल्या पानापासून टायटनांचा एखादा सेवक बोलत असता, त्याचा अभिमान आणि त्याच्या आंधळ्या जागा वाक्यावाक्यांत दिसत असत्या, तर हीच कलाटणी उत्कृष्ट ठरली असती. आधी निर्मात्याच्या आवाजात सांगून मग ‘ते त्यांचं मत होतं’ म्हणणं हा वाचकाशी केलेला करार मोडणं आहे.

अशा कोशांचा मोह नवा नाही. तेराव्या शतकात, १२२०च्या सुमारास, आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसननं नॉर्स देवकथा नीट लावून लिहिल्या. आइसलँडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारून तोवर दोन शतकं उलटली होती. स्नोरीचा हेतू कवींना जुनी रूपकं समजावीत हा होता, आणि प्रस्तावनेत त्यानं एसिर देवांना चक्क ट्रॉयहून आलेली माणसं करून टाकलं. आज जगाला थॉर आणि लोकी ठाऊक आहेत ते मोठ्या प्रमाणात याच ग्रंथामुळे. त्याचे उपकार आहेतच. पण ज्यांनी त्या देवांना बळी दिले त्यांच्या तोंडी इतकी सुबक, क्रमवार कथा होती असं मानण्याचं कारण नाही. सुबकपणा स्नोरीचा आहे, आणि स्नोरी कोण होता हे माहीत असल्यामुळेच आपण त्याला वाचू शकतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि वादात तो नेमका कुणी नीट मांडत नाही. आपल्या जगात देव दिसत नाही म्हणून मतं अनेक. फँटसीत देव दिसतो. त्याच्याशी बोलता येतं, त्याच्या नावानं जखम भरते, कधी तर त्याच्यावर तलवारही चालवता येते. जिथे प्रत्यक्ष प्रमाण हजर आहे तिथे श्रद्धा आणि साक्ष यांची भाषा करायची कशाला? टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नं १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात हे टोकाला नेलं. अनेक संस्कृतींच्या देवांना, भारतीय देवांनाही, त्यात हिट पॉइंट (किती मार सोसेल) आणि आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) दिले गेले. इंद्र किती घावांत पडेल हे आकड्यात वाचता येऊ लागलं. ज्याचा आकडा आहे त्याच्याविषयी कसलं गूढ?

हा प्रश्न मला बराच काळ अडवून होता. वाट सापडली ती भलतीकडे, वेदांतल्या शब्दांची उकल करणाऱ्या यास्काच्या निरुक्तात. सातव्या अध्यायात तो देवतांच्या आकाराचा विचार करतो. एक मत, देव पुरुषविध आहेत, माणसासारखे, कारण स्तुतीत त्यांचे हात, रथ, घरं येतात. दुसरं मत, अपुरुषविध, कारण अग्नी, वायू, सूर्य जे दिसतात ते माणसासारखे नाहीत. तिसरं, दोन्ही प्रकारचे. इथे ध्यानात घेण्याजोगं हे की अग्नी यास्काच्या डोळ्यांसमोर होता! जळत होता, चटका देत होता, हवी खात होता. प्रत्यक्ष दिसत असूनही तो ‘काय’ आहे हा प्रश्न सुटलेला नव्हता. आणखी पुढे जाऊन मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, विचारलं की देवतेला देह असेल तर एकाच वेळी शंभर ठिकाणी चाललेल्या यज्ञांत इंद्र हजर कसा राहील? त्यांच्यातल्या शबरानं उत्तर दिलं की देवतेला देहच नाही, ती काही खातही नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवर लिहिताना उलट बाजू घेतली: देह आहे, आणि देव एकाच वेळी अनेक देह धारण करू शकतात. कुठल्याही गेम-डिझायनरला हा वाद घरचा वाटेल. एका देवीचे दहा हजार पुजारी एकाच क्षणी मंत्र टाकतात, ती कुणाकुणाला उत्तर देते? अवतार पाठवते, की मंत्र स्वतःच काम करतो आणि तिचं असणं-नसणं गौण?

म्हणजे देव ‘आहे’ एवढ्यानं तो ‘देव’ आहे हे ठरत नाही. २०१५चा ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ याच फटीत पाय रोवून उभा आहे. तिथे देव बोलतात, शाप देतात, वर देतात. त्यांच्या अस्तित्वाबद्दल कुणालाच शंका नाही. मग कळतं की एंगविथन नावाच्या प्राचीन लोकांनी देवांचा शोध घेतला, त्यांना एकही सापडला नाही, आणि माणसं या सत्यापुढे कोलमडतील या भीतीनं त्यांनी अगणित जीव खर्ची घालून देव तयार केले. थाओस हे गुपित जन्मोजन्मी राखतो, त्यासाठी खून करतो, कारण त्याला ते कर्तव्य वाटतं. इओव्हारा ते उघड करू पाहते आणि छळ सोसते. हे देव खोटे आहेत का? त्यांच्या शक्ती खऱ्या आहेत, त्यांचा कोप खरा आहे. देव हा पदार्थ आहे की पद? कुणी बनवलेला असेल तर पूजेला कमी लायक ठरतो का? हिट पॉइंटचा आकडा यातल्या एकाही प्रश्नाला स्पर्श करत नाही. तो फक्त सांगतो की अंगावर धावून गेलात तर काय होईल. ते सांगायलाच हवं, पण तेवढंच ते सांगतं.

‘एल्डर स्क्रोल्स’मधलाच ‘मॉरोविंड’ (२००२) मला या बाबतीत अजूनही सर्वांत पुढचा वाटतो. रेड माउंटनखाली लोरखानचं हृदय धडधडतंय. ती वस्तू खरी आहे, हाताला लागते. सन्डर आणि कीनिंग ही हत्यारं विशिष्ट पद्धतीनंच वापरावी लागतात, नाहीतर वापरणाराच मरतो. नियम इतका कडक. त्या हृदयातूनच व्हिवेक, अल्मालेक्सिया आणि सोथा सिल हे तिघे मर्त्य जीव देव झाले. पण झाले कसे? त्यांनी आपला सेनापती नेरेव्हार याचा विश्वासघात करून त्याला मारलं, असं ॲशलँडर टोळ्या पिढ्यानपिढ्या सांगत आल्या आहेत. या तिघांना पूजणाऱ्या मंदिराची कथा वेगळी. आणि खेळाडू, जो त्याच नेरेव्हारचा पुनर्जन्म असल्याचं सांगितलं जातं, तो थेट व्हिवेकसमोर उभा राहून विचारू शकतो. व्हिवेक उत्तर देतो. ते खरं आहे की नाही, हे गेम शेवटपर्यंत ठरवत नाही. समोर जिवंत देव, तोंडावर विचारलेला प्रश्न, आणि तरीही साक्षच! प्रत्यक्षाचा आक्षेप इथे संपतो. देव दिसला म्हणून तो खरं बोलेल, ही हमी कुणी दिली?

म्हणून मी नियम आणि कथा वेगळ्या काढतो. मीमांसकांच्या जगातही अशीच वाटणी होती. यज्ञात समिधा कोणती, मंत्र कोणता, क्रम कोणता, यात काडीमात्र ढिलाई नाही. देवतेला देह आहे की नाही यावर मात्र शतकानुशतकं वाद. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथा जगावर आधारलेला १९९९चा ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ हा गेम मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. तिथे आपण एक कुळ चालवतो आणि कधीकधी कुळातल्या एखाद्याला देवांच्या कथेत पाठवतो. त्या माणसाला देवानं पूर्वी केलेली कृत्यं पुन्हा करावी लागतात, तेव्हा आपल्या लोकांची कथा खेळाडूला मनापासून माहीत असावी लागते. चुकलात तर माणूस जखमी होतो, मरतोही. याच ग्लोरांथात गॉड लर्नर नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी ठरवलं की सगळ्या लोकांच्या कथा एकाच मूळ कथेची रूपं आहेत, नावं बदलली की झालं. या खात्रीपोटी त्यांनी दोन प्रदेशांच्या धान्यदेवतांची अदलाबदल करून पाहिली. परिणाम भयंकर झाला आणि पुढे त्यांचा समूळ नाश झाला. सगळ्या आवृत्त्या एकत्र करून एकच अधिकृत सृष्टीकथा काढू पाहणाऱ्या प्रत्येक चाहत्यानं आणि प्रत्येक कंपनीनं ही गोष्ट वाचावी असं मला कळकळीनं वाटतं.

मी स्वतः काही वर्षं मित्रांसाठी टेबलटॉप मोहीम चालवली. सुरू करण्याआधी चाळीस पानांची सृष्टीकथा लिहिली होती, पहिल्या स्पंदनापासून पहिल्या मृत्यूपर्यंत. तिसऱ्या बैठकीत पुजारीण खेळणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, “प्रेत पुरताना माझी देवी मला काय म्हणायला सांगते?” चाळीस पानांत देवी कशी जन्मली ते होतं, मेलेल्या माणसाशेजारी उभं राहून काय म्हणायचं ते नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की नदीच्या अलीकडचं गाव प्रेताचं तोंड उगवतीकडे ठेवतं, कारण देवी तिथून आली. पलीकडचं गाव मावळतीकडे, कारण ती तिकडे निघून गेली. पुढची दोन वर्षं त्या दोन गावांच्या भांडणावर आमचा खेळ चालला. देवी खरोखर कुठून आली, हे मला माहीत होतं. कुणी विचारलं नाही.

आता पुन्हा ड्रॅगन एजकडे येतो. व्हेलगार्डची अडचण उत्तर दिल्यात नाही. साक्षीदारही आहे: बरंचसं आपल्याला सोलास या प्राचीन एल्फच्या आठवणींतून कळतं, आणि सोलास हा पश्चात्तापानं पोखरलेला, स्वतःच्या बाजूनं बोलणारा माणूस आहे. माझी तक्रार अशी की इतकं मोठं सत्य जगापुढे येतं आणि ज्यांच्या प्रार्थना, अंत्यविधी, शपथा त्या जुन्या कथेवर उभ्या होत्या त्यांच्याजवळ गेम पुरेसा थांबत नाही. दोन-तीन सोबती हादरतात, काही संवाद होतात आणि कथा पुढच्या लढाईकडे निघते. दावा बदलला, पण दाव्यावर जगणाऱ्यांचं काय झालं? रहस्य मेलं म्हणून रडणारे आणि उत्तर मिळालं म्हणून खूश झालेले, दोघांनीही हे विचारलं नाही.

याच मालिकेनं दहा वर्षांआधी, २०१४च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये, हे किती नेमकं करता येतं ते दाखवलं होतं. डेलिश एल्फ वयात आले की चेहऱ्यावर वल्लासलिन गोंदवून घेतात. आपल्या हरवलेल्या देवांची ती खूण. राज्य गेलं, भाषा गेली, तरी चेहऱ्यावर ही रेघ टिकली याचा त्यांना अभिमान आहे. खेळाडूची नायिका डेलिश असेल आणि तिचं सोलासवर प्रेम बसलं असेल, तर एका रात्री तो तिला एकांतात नेतो आणि सांगतो की प्राचीन काळी या खुणा गुलामांच्या चेहऱ्यावर असत. मालक आपापल्या देवाच्या नावानं त्या उमटवत. तो हेही म्हणतो की तुझी इच्छा असेल तर मी त्या पुसू शकतो. जगाच्या उत्पत्तीविषयी एक अक्षरही इथे नाही, पण देव कोण होते हे एका वाक्यात कळतं, आणि ते सांगणारा कोण, त्याला हे ठाऊक कसं, तो आत्ताच का सांगतोय, हे सगळे प्रश्न त्या वाक्याला चिकटून येतात. पडद्यावर दोन पर्याय उमटतात. कुणी म्हणतं, पूस. कुणी म्हणतं, राहू दे, माझ्या लोकांनी या खुणेला आता दुसरा अर्थ दिलाय. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा बराच वेळ कंट्रोलर हातात धरून नुसता बसलो होतो. मग खुणा ठेवल्या.